न आलेल्या साथीचा पुरावा

विषय: हैबती कासार यास गावाने पूर्ववत ‘मामा’ म्हणण्याबाबत.
संदर्भ: सदर कासाराचा अर्ज.

एका गावात हैबती नावाचा एक म्हातारा कासार राहत होता. त्याला बायको नव्हती, मूल नव्हते, भाऊबंदही नव्हते. पण बांगड्या भरताना परक्या पुरुषाने हात धरायचा तर काहीतरी नाते हवे. म्हणून गावातल्या साऱ्या बायका त्याला मामा म्हणत. हे नाते तसे मानद होते. हैबतीजवळ दुसरे नव्हते, म्हणून त्याने ते कायम समजले.

पाटलांच्या मैनेचे लग्न ठरले. हिरवा चुडा आणायला मामा बाजाराच्या गावी गेला. तिथे फ्लूची साथ होती. ज्या व्यापाऱ्याकडून तो माल घेई, त्याचे सारे घर एका ओळीत अंथरुणावर पडले होते. ओळीत म्हातारी आई तेवढी दिसली नाही.

“गेली,” व्यापारी म्हणाला. “ताप मीच आणला घरात.”

मामा गावी परतला तो कुणाला न भेटता घरात शिरला आणि त्याने आतून कडी लावली. चुड्याच्या आदल्या दिवशी त्याचे अंग तापले.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई स्वतः दाराशी आल्या.

“मामा, बायका खोळंबल्यात. चला.”

“ताप आहे, आक्का. दार उघडायचा नाही.”

“ताप कुणाला येत नाही? सुंठ चघळा आणि या. बांगड्या हातानं भरायच्यात, नाकानं नव्हे.”

“एकेकीचा हात हातात घ्यावा लागतो. तुमच्या घरात तान्हं बाळ आहे.”

“त्याला कुठं चुडा भरायचाय?”

“शेजारगावच्या कासाराला बोलवा, आक्का. पाया पडतो.”

पाटलीणबाई पायरी उतरल्या. “माझ्या लेकीचा चुडा परक्याच्या हातानं? बरं. मग इथून पुढंही परक्याच्याच हातानं.”

लग्नाची वाजंत्री मामाने अंथरुणातून ऐकली. त्या गावात आजाऱ्याच्या समाचाराला जाण्याची मोठी चाल होती. आजाऱ्याला विश्रांती मिळाली नाही तरी चालेल, पण समाचार चुकता कामा नये. लोक आले, दार बंद पाहून रागावून परत गेले. शेजारच्या महादूने तेवढी रस्त्यातूनच हाक मारली, “मामा, आहात की गेलात?”

“अजून निर्णय झालेला नाही,” आतून उत्तर आले.

निर्णय यथावकाश मामाच्या बाजूने झाला. तो उठला, दार उघडले, बांगड्यांच्या माळा ओसरीवर टांगल्या आणि वाट पाहत बसला. कुणी आले नाही.

गावात कुणाला साधी शिंकही आली नव्हती. त्यावरून गावाने विचार केला, की साथ असती तर कुणीतरी आजारी पडले असते. कुणीच पडले नाही, म्हणजे साथ नव्हती. साथ नव्हती, म्हणजे मामाला माज आला होता. तर्क अगदी सरळ होता. फक्त उलटा धरलेला होता.

शेवटी मामाने गावकीपुढे अर्ज ठेवला: “मी बरा झालो आहे. तरी मला पूर्वीसारखे मामा म्हणावे, ही विनंती.”

“साथ होती याचा पुरावा जोडा,” गावकी म्हणाली.

“कसला पुरावा?”

“गावात कोण कोण आजारी पडलं, त्यांची नावं.”

मामाजवळ एकही नाव नव्हते. असे एकही नाव सापडू नये म्हणूनच तर त्याने कडी लावली होती. पण हे म्हणणे पुराव्यात बसले नाही.

पाटलांचे बाळ आता रांगू लागले आहे. त्याचा आवाज ओसरीपर्यंत येतो. मामाने त्याच्यासाठी काळ्या बांगड्यांचा एक जोड बाजूला काढून ठेवला होता. बाळ वाढते, तसा मामा तो जोड परत माळेत ओवतो आणि एक माप मोठा काढून ठेवतो.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.

तात्पर्य: साथीत एकजण स्वतःच्या दाराला कडी लावतो, तेव्हा गावाची दारे उघडी राहतात. आपल्या घरी काही घडले नाही, तर ते कुणामुळे घडले नाही, याची चौकशी करावी. आणि तो माणूस ओसरीवर बसलेला आहे तोवर करावी.