परसातला मेपल

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात हणमंतराव निकम आणि त्यांची बायको सगुणा असे दोघं राहत. हणमंतराव फौजेतून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं त्यांनी उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरांत काढली होती. तिथल्या मेपलच्या झाडांचं त्यांना भारी वेड. "हाताच्या पंजासारखं पान, आणि रंग असा की झाड पेटलंय असं वाटावं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

एके वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. औषधांनी हात सावरला, बोलणं सुधारलं, पण पाय काही धड उचलेना. डॉक्टर म्हणाले, "रोज चालायला हवं. दुखलं तरी चालायला हवं. नाहीतर पाय कायमचा आखडेल." एकदा तसा प्रयत्न करताना हणमंतराव गावच्या रस्त्यावर सगळ्यांदेखत पडले. त्या दिवशी त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, ती ठेवलीच. दिवसभर पुढच्या खिडकीपाशी खुर्चीत बसून राहायचे. सगुणेला त्यांची दया येई. पाणी, जेवण, वर्तमानपत्र, सगळं ती खुर्चीपाशी आणून देई.

मग तिच्या मनात आलं, यांच्या खिडकीसमोर एक मेपल लावावा. तेवढीच जिवाला उभारी येईल.

शेजारच्या गावात इस्माईल बागवानांची रोपवाटिका होती. थंड मुलखातली झाडं ते मोठ्या हौसेनं वाढवत. त्यांनी सगुणेपुढे मेपलची तीन रोपं ठेवली. एकाची पानं झालरीसारखी चिरलेली आणि गडद लाल होती. दुसरं चांगलं माणसाएवढं उंच होतं. तिसरं जेमतेम गुडघ्याएवढं, जाड खोडाचं, साध्या हिरव्या पानांचं.

सगुणेचा हात झालरीच्या रोपाकडे गेला.

"वहिनी, ते आपल्याकडच्या उन्हावाऱ्यात टिकायचं नाही," बागवान म्हणाले. "आणि त्या उंच रोपाची मुळं कुंडीतच गोल गोल फिरलीत, ती आता जमिनीत पसरायची नाहीत. हे ठेंगणं न्या. याची कोवळी पालवी लाल येते, मग हिरवी होते. दिसायला साधं आहे, पण तग धरेल. सकाळचं ऊन द्या. दुपारचं मात्र टाळा."

सगुणेनं ठेंगणं रोप घेतलं. पण पुढची खिडकी पश्चिमेची होती. दुपार कलली की तिथे ऊन तापायचं आणि दरीतला वारा सरळ अंगावर यायचा. हे तिला ठाऊक होतं. तरीही तिनं रोप तिथेच लावलं. हणमंतरावांना खुर्चीतून ते नीट दिसत होतं. "छान आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत आणखी थोडे खाली सरकले.

उन्हाळा आला. पानांच्या कडा तांबूस झाल्या, मग करपल्या. सगुणेनं जुन्या साडीचा आडोसा केला. वाऱ्यानं तो फाडला, तिनं दुसरा बांधला. सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, तर पानं पिवळी पडू लागली. तिनं जिद्द सोडली नाही, पण झाड दिवसेंदिवस खंगत चाललं. शेवटी तिनं बागवानांना बोलावलं.

त्यांनी माती हातात घेऊन दाबली. मग खिडकीकडे पाहिलं. "वहिनी, हे झाड तुम्ही खिडकीच्या सोयीनं लावलंत. त्याच्या सोयीची जागा कुठाय?"

सगुणेनं त्यांना मागच्या परसात नेलं. तिथे सकाळी कोवळं ऊन येई आणि दुपारी घराची सावली पडे. वारा दगडी कुंपणापाशी अडे. बागवानांनी मान डोलावली. "थंडीत पानं गळाली की इथे हलवा. तोवर आडोसा ठेवून जगवा. पाणी बेतानं घाला."

सगुणेनं झाड जगवलं. थंडीत सगळी पानं गळाल्यावर तिनं लांबून खणत मुळांभोवतीच्या मातीसकट ते वर काढलं, गोणपाटात बांधलं आणि ओढत ओढत परसात नेलं. खड्ड्यात शेणखत मिसळलेली माती भरून ते लावलं. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरला.

आत आली तेव्हा हणमंतराव संतापले होते. "मला दिसणार नाही अशा जागी लावलंस?"

"तिथे ते जगेल," सगुणा म्हणाली.

"आणि मी कसं बघायचं?"

सगुणेनं कोपऱ्यातली काठी उचलली आणि त्यांच्या हाताशी आणून ठेवली. "चालत येऊन."

त्या दिवसापासून तिनं पाण्याचा तांब्या खुर्चीपाशी नेणं बंद केलं. तो माजघरात ठेवला. जेवणाचं ताट स्वयंपाकघरात वाढू लागली. हणमंतराव दोन वेळा रुसून जेवलेच नाहीत. तिचाही घास घशाखाली उतरला नाही, पण ताट तिनं जागचं हलवलं नाही. तिसऱ्या वेळी ते भिंतीला धरून आले. परसापर्यंत जायला मात्र अजून धजेनात.

"पालवी आली का?" ते विचारत.

"येऊन बघा," ती म्हणे.

एका सकाळी ते स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे निघाले. उंबरठ्यात पाय अडकला आणि ते जोरात पडले. सगुणा धावली. त्यांचं कोपर सोलवटलं होतं. तिनं त्यांना उठवलं, जखम पुसली. ते परत खुर्चीत जाऊन बसले.

सगुणा परसात आली आणि रडली. आपण फार कठोर झालो, असं तिला वाटलं. झाड पुन्हा खिडकीसमोर न्यावं, करपलं तर करपलं, पण यांचे हाल नकोत. तिनं कुदळ उचलली. खणायला वाकली, तेव्हा तिला फांद्यांवर पालवीचे फुगलेले डोळे दिसले. त्यांची टोकं लाल झाली होती. आता मुळांना धक्का लागला, तर झाड जाणार होतं. कुदळ तशीच हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनं ती कुंपणाला टेकवून ठेवली, डोळे पुसले आणि आत जाऊन ताट स्वयंपाकघरातच वाढलं.

दुसऱ्या दिवशी माजघरातून काठीचा आवाज आला. सगुणा चुलीपाशी होती. उठावंसं वाटत असूनही ती उठली नाही. हणमंतराव उंबरठ्यापाशी थांबले. चौकट घट्ट धरून त्यांनी आधी डावा पाय पलीकडे टाकला, मग उजवा ओढून घेतला.

असं रोज चाललं. कधी ते दारापर्यंत पोचत, कधी अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत. होळी सरल्यावर एका सकाळी ते मागच्या पायरीवर येऊन उभे राहिले. घामानं सदरा भिजला होता. समोर मेपलच्या काटक्यांवर लाल पालवी फुटली होती. तान्ह्या बाळाच्या पंजांएवढी पानं उन्हात चमकत होती.

हणमंतराव बघत राहिले. मग म्हणाले, "किती बुटकं आहे गं! एवढ्यासाठी मला एवढं चालवलंस?"

"हो," सगुणा म्हणाली. तिनं त्यांना बसायला खुर्ची पुढे केली.

"नको," ते म्हणाले. "इथून नीट दिसत नाही. उद्या पायऱ्या उतरतो."

तात्पर्य: आपल्या माणसाला आरामाची जागा देणं सोपं असतं, त्याला बळ येईल अशी जागा द्यायची, तर आधी आपलं मन घट्ट करावं लागतं.