वन्संचा मोर

चिरेवाडीच्या वेशीबाहेर पाथरवटांची जुनी खाण आहे. दगड काढायचं काम तिथं कधीच बंद पडलं. तिन्ही बाजूंना काळ्या कातळाच्या उभ्या भिंती, मधे सपाट जागा, आणि चौथ्या बाजूला दगड काढता काढता आपोआप पडलेल्या पायऱ्या. या पायऱ्यांवर माणसं बसतात आणि खाली गाणं होतं. गाणाऱ्याच्या उजव्या हाताला एक दगडी मोर आहे. पिसारा मिटलेला, चोचही मिटलेली, मानेवर हळदीकुंकवाचे थर आणि पाठीवर खणाची घडी. नवखा माणूस देव समजून हात जोडतो. जोडू दे, त्यात काही बिघडत नाही, पण तो देव नव्हे. त्याला वन्संचा मोर म्हणतात.

कार्यक्रम घेऊन नवी मंडळी आली की त्यांना आधी या मोरापाशी बसवून त्याची हकिगत सांगायची, असा इथला रिवाज आहे. सध्या ते काम ताराआत्यांकडे आहे. आत्या तोंडानं फटकळ. "त्या वायरी मग जोडा रे, पळून नाही जात तुमचा स्पीकर. आधी टेका इथं," असं म्हणून गिटारवाल्या पोरांना खाली बसवतात, चहा देतात आणि सांगायला लागतात. त्या सांगतात ते असं.

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा खाणीत अर्धा दिवस घण चालायचे आणि बाजाराच्या दिवशी गाणं चालायचं. गावाचा स्वतःचा गाण्याचा मेळा होता. दुपार कलली की भिंतींची सावली खाली उतरायची, माणसं घोंगड्या टाकून पायऱ्या धरायची आणि मेळा उभा राहायचा. दिवेलागणीला सगळं आटपायचं, कारण खाणीत दिवा नव्हता आणि अंधारात त्या कडेनं जायची कुणाची छाती नव्हती. काय ते दिवस होते म्हणे! घामेजलेली माणसं, दगडाचा भुगा, विड्याचा वास, आणि डफावर थाप पडली की भिंतीतून परत येणारी दुसरी थाप. आसपासच्या गावची माणसं या वेड्यांना खाणकर म्हणायची. "खाणकराला पोरगी देऊ नये, बाजारादिवशी घरात सापडत नाही," अशी म्हणच पडली होती.

त्या मेळ्यात सगुणा गायची. ती हैबती पाथरवटाची बहीण. लग्न होऊन वर्षाच्या आत परत आली होती, नवऱ्यानं दुसरी केली म्हणून. गावाला तिचं काय करावं ते कळेना. सवाष्ण म्हणावी तर नवऱ्यानं टाकलेली, विधवा म्हणावी तर नवरा धडधाकट. मग गावानं सोपा मार्ग काढला, तिला हळदीकुंकवाला बोलवायचंच नाही. परत आल्यापासून तिची ओटी कुणी भरली नव्हती. ती पहाटे जात्यावर गायची आणि ते गाणं मेळ्याच्या लोकांनी ऐकलं. बाईमाणूस मेळ्यात उभी राहणार म्हणताच गावात कुजबुज झाली. हैबती घण खांद्यावर टाकून चावडीपुढे आला आणि म्हणाला, "खाण माझ्या बापजाद्यांनी खोदली. तिथं माझी बहीण गाईल. ज्याला ऐकायचं नाही त्यानं कानात बोळे घालावेत." कुणी बोळे घातले नाहीत.

पहिल्या दिवशी सगुणानं खाणीतल्या मातीला हात लावून शब्द दिला, असं सांगतात. "मला घरानं टाकलं, या खाणीनं पोटाशी धरलं. इथं कुणी गाणं मागितलं तर मी नाही म्हणणार नाही." ते तेव्हा सगळ्यांना फार आवडलं. असल्या शब्दाची किंमत मागाहून कळते.

पुढं हैबतीचं लग्न झालं आणि राही घरात आली. राही घाटाखालच्या एका वस्तीवरची. तिथं ना मेळा, ना नाटक, ना तमाशा, आणि इंग्रजी तर कुत्र्याला हाकायलासुद्धा नव्हतं. नणंदेला ती वन्सं म्हणायची आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या गळ्यात पडली. पीठ मळताना दोघींचं खिदळणं ऐकून हैबती म्हणायचा, "मी लग्न केलं का हिनं?"

पहिल्याच बाजारादिवशी राही खाणीत गेली. सगुणा तिचं ठेवणीतलं गाणं गायली.

माझ्या माहेरच्या माळी मोर एकला नाचतो,
पिसं अंथरी वाटेला, वाट लेकीची पाहतो.

त्यातला 'मोर' ती इतका उंच न्यायची की बसलेली माणसं माना वर करायची, खरंच कड्यावर मोर बसलाय की काय म्हणून. गाणं संपलं आणि पुढं बसलेल्या हुसेनचाचा तांबोळ्यानं आरोळी ठोकली, "वन्स मोर!" हुसेनचाचा म्हणजे खाणकरांचा म्होरक्या. त्याच्या विड्यानं तोंड रंगायचं आणि त्याच्या आरोळीनं गाणं. मागोमाग अख्खी खाण ओरडली, "वन्स मोर! वन्स मोर!"

राहीला भरूनच आलं. तिला वाटलं, सगळं गाव सगुणाला वन्सं म्हणतंय! 'वन्सं, मोर! तो मोर म्हणा ना, वन्सं!' असं लाडानं आळवतंय. जिला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही, तिला एवढी माणसं नणंद मानतात, म्हणजे केवढी माया! ती पदर खोचून उठली आणि जीव तोडून ओरडली, "वन्सं, मोर!" शेजारच्या बायका आधी बिचकल्या, मग त्यांनाही ते बरोबर वाटलं. गाणं मोराचं, बाई वन्सं, आणखी काय हवं? दोन-चार बाजार झाले आणि पायऱ्यांच्या बायकांच्या बाजूनं बापयांच्या वरताण आवाज यायला लागला. सगुणा हसायची, राहीकडे बघायची आणि पुन्हा गायची. तिनं त्या पोरीची चूक कधी सुधारली नाही. सुधारवली नसेल हो! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिला गावाची नणंद केलं होतं.

वर्ष उलटलं. मेळ्याचं नाव झालं, गर्दी वाढली, आणि आरोळ्याही वाढल्या. एकेक गाणं चारचारदा व्हायला लागलं. हळूहळू सगुणा घरात बोलेनाशी झाली. बाजाराचा दिवस सोडला तर सगळं खुणेनं. तवा हवा तर हात उलटा करायचा, पाणी हवं तर ओंजळ. राहीनं ज्येष्ठमधाचे काढे केले, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी तालुक्याच्या वैद्याकडे नेलं. त्यानं गळा बघितला आणि स्पष्ट सांगितलं, "गाणं थोडं करा. नाहीतर एक दिवस हा गळा कायमचा बसेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

राहीनं रडून पाहिलं, भांडून पाहिलं. सगुणा एवढंच कुजबुजली, "शब्द दिलाय गं. त्यांनी मागितलं तर नाही कशी म्हणू? आणि कुणाला सांगशील तर माझी शपथ."

आता शपथ मोडायची नाही आणि वन्संचा गळा तर वाचवायचा. राहीनं विचार करून करून एक तोड काढली. ती गेली हुसेनचाचाच्या पानाच्या ठेल्याकडे. म्हणाली, "चाचा, एक मागते. तुम्ही सगळे वन्संना वन्सं म्हणता, बरं वाटतं. पण दर वेळी 'वन्सं, मोर' कशाला? एखाद्या वेळी 'वन्सं, बसा' म्हणा की."

चाचाच्या हातातलं पान गळून पडलं म्हणे. आधी त्याला उमगेना, आणि उमगलं तेव्हा तो हसता हसता मांडीवर हात आपटायला लागला. "अगं पोरी, वन्सं कुठली आन् मोर कुठला! ती विंग्रजी हाय. मोठ्या शहरात नाटकाला जाऊन शिकून आलोय मी. त्याचा अर्थ, पुन्यांदा म्हणा!"

चाचा हसत राहिला, राही मात्र ठेल्याचा खांब धरून उभी राहिली. पुन्हा म्हणा. म्हणजे इतके दिवस आपण माया समजून जे ओरडत होतो, ते वन्संच्या गळ्यावर घण घालणं होतं. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडत होतं? आपणच. ती घरी आली, चुलीपुढं बसली आणि भाकरी करपेपर्यंत तिला शुद्ध नव्हती.

मग जत्रेचा दिवस आला. त्या दिवशी खाणीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाच्या हातात जत्रेतला नारळ, कुणाच्या टोपलीत बाजारचे गहू, कुणाच्या डोक्यावर पोर. सगुणा उभी राहिली आणि मोराचं गाणं झालं. "वन्स मोर!" पुन्हा झालं. "वन्स मोर!" या खेपेला वरच्या 'मोर'वर सूर चिरफाळला. लोकांना वाटलं बाई गहिवरली, आणि लोक आणखीच चेकाळले. चाचा तर उभाच राहिला. सगुणानं गळ्याला हात लावला, पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा गायला पदर सावरला.

तेव्हा राही पायऱ्या उतरून खाली गेली. नणंदेच्या पुढं उभी राहिली आणि सगळ्या खाणीकडे तोंड करून म्हणाली, "बास! गप बसा सगळे!"

भिंतीनं "बसा सगळे" परत म्हटलं, आणि खाण खरंच गप्प झाली.

"मला वाटलं तुम्ही हिला वन्सं म्हणता," राही म्हणाली. तिला रडू फुटत होतं आणि ती ते गिळत होती. "तुम्ही तर नुसतं मागताय. माझी चूक झाली. पण आता मी माझाच अर्थ धरणार. ही माझी वन्सं, म्हणजे गावाची नणंद, या खाणीची माहेरवाशीण. माहेरवाशिणीकडनं कुणी मागतं का रे? तिची ओटी भरतात! हिची कुणी भरली आजवर? सांगा की, कुणी भरली?"

बायकांनी माना खाली घातल्या. राहीनं सगुणाला खांद्याला धरून दगडावर बसवलं आणि स्वतः गायला लागली. आता राहीचा आवाज म्हणजे विचारू नका. वस्तीवर ती गायली तर गाई दूध चोरायच्या म्हणे. पण ती गायली. बेसूर, रडत, अख्खं कडवं. दुसऱ्या ओळीला हुसेनचाचा सामील झाला, तंबाखूनं खरवडलेल्या आवाजात. मग हैबती, मग बायका, मग सगळी खाण. जी माणसं इतकी वर्षं नुसती ऐकत होती त्यांना गाणं तोंडपाठ होतं, फक्त ते परत द्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आणि गाता गाता बायका एकेक करून खाली उतरल्या. टोपलीतले गहू, जत्रेचा नारळ, नव्या लुगड्यातला खण, जे हाताशी होतं ते सगुणाच्या पदरात पडलं. जिनं तिला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, त्या पाटलीणबाईनंही आपल्या करंड्यातलं कुंकू तिला लावलं. आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून सगुणानं पहिल्यांदाच ऐकलं. ती पदर पसरून बसली होती आणि लहान पोरीसारखी रडत होती.

तो वरचा 'मोर' आला तेव्हा तिथवर कुणाचाच आवाज पोचेना. सगळे थांबले. आणि त्या शांततेत, असं सांगतात, समोरच्या भिंतीतून तिचाच सूर आला, जुना, अखंड, जसा ती पहिल्या वर्षी लावायची तसा. इतकी वर्षं दगडानं तो सांभाळून ठेवला होता म्हणे. खरं-खोटं त्या दगडाला माहीत.

सगुणाचा आवाज वाचला, पण वरचा सूर गेला तो गेलाच. पुढं ती बसून, खालच्या पट्टीत गायची, आणि मनात येईल तेव्हाच. तिचा शब्द गावानंच सोडवला. खाणकरांनी मातीला हात लावून शपथ घेतली की या जागी गाणाऱ्याकडे कुणी काही मागणार नाही. हुसेनचाचा आरोळीवाचून कासावीस व्हायचा. तोंड उघडायचा आणि त्यात पान कोंबायचा. खूप वर्षांनी सगुणा गेली तेव्हा थकलेल्या हैबतीनं शेवटचा दगड घडवला, तो हा मोर. लोक म्हणाले, चोच उघडी ठेव की, गाताना दाखव. हैबती म्हणाला, "गायली तेवढी पुष्कळ झाली. आता तिला कुणी गा म्हणायचं नाही."

इथं ताराआत्या थांबतात. मोराच्या पाठीवरचा खण नीट करतात. "मेळा गेला, डफ गेले, ती माणसं गेली," म्हणतात, "आता तुमचे ते खोके आले. येऊ देत. चहा प्यायलात ना? मग उठा, जोडा वायरी."

आजही चिरेवाडीच्या खाणीत 'वन्स मोर'ची आरोळी कुणी देत नाही. शेवटचं गाणं झालं की गाणाऱ्याला मोरापाशी पाटावर बसवतात. बाई असो, बुवा असो, दाढी वाढवलेला गिटारवाला असो, इथं तो माहेरवाशीण. लाजत का होईना, त्याला पदर पसरायला लावतात, नाहीतर सदऱ्याचा घोळ. बायका गहू आणि नारळ घालतात, आणि पायऱ्यांवरची सगळी माणसं त्याचंच गाणं त्याला म्हणून दाखवतात, शब्द चुकले तरी, सूर घसरला तरी. आजही अवघड जागा आली की खाणकर क्षणभर गप्प होऊन भिंतीकडे कान देतात.

मग सामान गाडीत चढतं. गाडी वेशीपाशी आली की ताराआत्या वाटेत आडव्या येतात, काचेवर टकटक करतात, आणि त्यांच्या मागं उभं असलेलं सगळं गाव त्या पाहुण्याला एकच विचारतं, "मग, परत कधी येणार माहेरी?"