बुधीच्या हाकेला ओ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. शहराला तेव्हा तट होता, पण तटाच्या आत कुणाला कुणाचा भरवसा नव्हता. राज्य बदललं होतं, जुने शिपाई बेकार झाले होते आणि ज्याच्या कमरेला हत्यार तो भरदिवसा दुकानं लुटत होता. सराफांनी पहारेकरी ठेवले, तरी चोऱ्या झाल्या. विणकरांनी कुत्री पाळली, तरी झाल्या. तांबट आळीतून मात्र साधी पळीसुद्धा कधी गेली नाही, असं म्हणतात.

याचं कारण बुधी. ती डोंगरातली कोळसेवाली. तांबटांच्या भट्ट्यांना कोळसा तिचा. आळीच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं, त्याला टेकून ती पाट्या मांडून बसे. कुणी वाकड्या नजरेचा आत शिरू लागला की ती हाक मारी, "ओ दादांनो, पावणं आलंय!" आळीत दिवसभर हातोडे चालत. मांडीला मांडी लावून बसलेल्याचं बोलणं कळत नसे, पण बुधीची हाक कळे. ती कानांनी येत नसे, हातातल्या तांब्याच्या पत्र्यातून येई, असं म्हणतात. मग सगळे तांबट "ओ!" म्हणत हातोड्यांसकट बाहेर येत आणि पाहुणे आल्या पावली परत फिरत.

फाटकाला लागून पहिलं घर गणोबा तांबटाचं. पहिली ओ नेहमी त्याची.

"काय हो गणोबा," समोरचा भिकाशेट चिडवी, "बायकोला तिसऱ्या हाकेला ओ देता आणि बुधीला पहिल्या?"

"बायको पिठलं घेऊन बोलावते, बुधी चोर घेऊन. पिठलं थांबतं, चोर थांबतो का?"

बुधी खदखदून हसे. "गणूदादा हाय तवर मला कशाचं भ्या?"

हे वाक्य गणोबाला फार आवडे. ते तिनं पुन्हा म्हणावं म्हणून तो कधीकधी उगाचच कोळसा घ्यायला बाहेर येई.

त्या वर्षी शहरात पुंडांची नवी टोळी आली. सराफ आळीत हाकेला धावून गेलेल्या एका माणसाचा त्यांनी उजवा हात तोडला. तांबटाचा उजवा हात म्हणजे त्याचं घरदार. त्यानंतर आळीतले हातोडे पूर्वीसारखेच चालत, पण जो तो मधूनच आपल्या मनगटाकडे बघू लागला.

मग तो दिवस आला. उन्हं डोक्यावर होती. आळीत शंभर हातोडे, कुणाचा वर तर कुणाचा खाली. पण त्या घटकेला शंभरही हातोडे एकदम वर होते, असं म्हणतात. अशी शांतता आळीनं कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत बुधीची हाक आली.

"ओ दादांनो!"

गणोबाच्या ओठांवर ओ आली होती. तेवढ्यात त्याला सराफ आळीतला तो हात आठवला. भिकाशेट जाईल, त्याला वाटलं. भिकाशेटला वाटलं, गणोबाचं घर फाटकाला लागून आहे, तो जाईलच.

"ओ गणूदादा!"

आता तिनं नाव घेतलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणायला आता गोंगाट हवा होता. गणोबानं वर उचललेला हातोडा खाली आणला, जोरात. मग पुन्हा. त्याचा ठोका ऐकून भिकाशेटनं ठोका घातला आणि सगळी आळी कडाडू लागली. तिसरी हाक आली की नाही, हे मग कुणालाच कळलं नाही.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. फाटक बंद होतं. बुधीनं ते ओढून बाहेरून कडी-कुलूप घातलं होतं आणि ती स्वतः बाहेरच राहिली होती. पाट्या उलट्या पडल्या होत्या, कोळसा रस्ताभर पसरला होता. बुधी नव्हती. ती पुढे कधीच सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी तांबट कामाला बसले, तर हातोड्यांचा आवाज होईना. पत्रा वाकत होता, घडत होता, पण मुका. हंडा वाजवला तर चिंधीवर थाप मारल्यासारखा वाजे. आळीतलं तांबं मुकं झालं, असं म्हणतात.

काही दिवसांनी बुधीचा भाऊ चिंधू डोंगरातून आला. त्यानं दारोदार विचारलं, "बहिणीनं हाक मारली आसंल की?"

"गोंगाट हो," भिकाशेट म्हणाला. "काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

सगळ्यांनी तेच सांगितलं. चिंधूनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"खरं हाय. भोळी व्हती ती. सांगायची, माझी हाक दादांना गोंगाटातबी कळती." मग तो खाली बसला आणि उलट्या पाट्या सुलट्या करू लागला. "उद्यापासनं मी बसतो हितं. तुमच्या आळीला कुनीतरी पायजेल."

गणोबा दारात उभा होता. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या. ही माया त्याला सोसेना.

"चिंधू, हाक ऐकली होती," तो म्हणाला. "माझं नाव घेतलं होतं तिनं. सगळ्यांनी ऐकली."

चिंधूच्या हातातली पाटी तशीच राहिली. "मंग ओ का न्हाई दिली?"

गणोबानं तोंड उघडलं. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "ओ." मग पुन्हा, "ओ, बुधी, ओ." मागं भिकाशेट रडू लागला. एकेका घरातून ओ येऊ लागली. त्याच वेळी भट्टीपुढचे हंडे गुणगुणू लागले, असं म्हणतात. खरंच तसं झालं, की त्या माणसांना तसं वाटण्याची फार गरज होती, हे आता कोण सांगणार?

चिंधू थांबला नाही. पाट्या उचलून तो डोंगरात गेला आणि आळीला कोळसा लांबून आणावा लागला.

पुढं लोक म्हणाले, बुधीचं देऊळ बांधू. म्हातारा झालेला गणोबा काठी टेकत आडवा आला. "तिला देवी करू नका रे," तो म्हणाला. "देवीला आपण हाक मारतो. हिनं आपल्याला मारली होती."

म्हणून तिथं देऊळ नाही. आता तट गेला, फाटक गेलं, खांबावर पोलिसांचा कॅमेरा आला. पण त्या आळीत कुणीही, कुठल्याही कारणानं हाक मारली की काम टाकून सगळ्यांनी बाहेर यायचं, हा बुधीच्या नावाचा नेम आहे. भट्टीवरचा पत्रा जळाला तरी चालेल. शाळेतून येणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं. ती मुद्दाम कोपऱ्यावर उभी राहून ओरडतात, "ओ दादांनो!" आणि पांढऱ्या केसांची माणसंसुद्धा धापा टाकत रस्त्यावर येतात. पोरं हसत पळून जातात. तांबट एकमेकांकडे न बघता आत वळतात. पोरांना आजवर कुणी रागावलेलं नाही.