शेवटची चीज

"...मग बहिरं कोण, बाबा? मी, का अख्खं गाव?"

वामन परीट दर्ग्याच्या ओट्यावर टेकायच्या आधीच सुरू झाला. नूरबाबा फकीर जुन्या चादरीची एक लांबट, अरुंद पिशवी शिवत बसले होते. त्यांनी दोरा ओढला आणि नुसतीच मान हलवली.

हा वामन म्हणजे गुलजार ब्रास बँडचा भक्त. वीस वर्षांत त्यांनी वाजवलेलं एकही लग्न त्यानं चुकवलं नव्हतं. आमंत्रण असो नसो, स्वारी हजर. बँडच्या इलाही मास्तरांसारखी क्लॅरिनेट पंचक्रोशीत कुणाची नाही, हे भेटेल त्याला सांगायचा. ज्याला पटलं नाही, त्याच्याशी भांडायचा.

"काल खालच्या आळीत लग्न होतं. मास्तर जीव तोडून वाजवतायत, आणि लोक? फोटो काढतायत! जेवायला काय आहे विचारतायत! वर त्या डीजेवाल्यानं मधेच भोंगा सुरू केला. मी सोडतो होय? एकेकाला गप्प केलं. डीजेवाल्याची तर गचांडीच धरली."

"बरं."

"वीस वर्षं हेच करतोय, बाबा. मास्तर मागं, मी पुढं, तोंड लोकांकडं. कोण ऐकत नाही ते बघायला नको? आणि आज सकाळी कळतं, मास्तरांनी बँड मोडला. मला एका शब्दानं सांगितलं नाही. मला!"

नूरबाबा उठले. वामनकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. रस्त्यावर एक शेळी तेवढी होती.

"बाबा, मी तुमच्याशी बोलतोय!"

"शूऽऽ!" बाबा शेळीवर खेकसले. "गप उभी राहा! वामन बोलतोय!"

"अहो, तिला काय सांगताय... इकडं बघा ना!"

"तुझंच काम करतोय. कोण ऐकत नाही ते बघतोय."

बाबा परत येऊन बसले. सुई हातात घेतली.

"नवरदेव मांडवाच्या दारात आला, की शेवटची चीज मास्तरच्या मर्जीची. तिथं कुणाची फर्माईश चालत नाही. खरं ना?"

"खरं. गुलजारचा रिवाजच आहे तो."

"काल काय वाजवलं?"

वामननं तोंड उघडलं. गचांडी आठवली. भोंगा आठवला. कोण कोण बोलत होतं, त्यांची नावंसुद्धा आठवली.

"मी तेव्हा..."

"त्याच्या आधीच्या लग्नात?"

वामन बोटांवर लग्नं मोजू लागला.

"एखाद्या तरी?"

वामनला रडू कोसळलं. डोळे न पुसताच तो उठला.

"जातो मी. मास्तरांच्या पायावर डोकं ठेवतो. एकदाच वाजवा म्हणतो, फक्त माझ्यासाठी."

बाबांनी शेवटचा टाका घातला, दोरा दातानं तोडला. मग मांडीमागून क्लॅरिनेट काढली आणि त्या पिशवीत सरकवली. पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

"इलाही पहाटे येऊन गेला. ही इथं ठेवली आणि लेकीकडं बार्शीला गेला, कायमचा."

"माझ्याबद्दल... काही बोलले?"

"नाव नाही घेतलं. म्हणाला, वीस वर्षं शेवटची चीज एकाच माणसासाठी वाजवली. त्याची पाठ मला तोंडपाठ आहे."