पानावरचा घास

जनावरं अजून एका पंगतीला जेवत होती तेव्हाची ही गोष्ट. रानात अस्वलाची खाणावळ होती आणि तिथे एक खार वाढपी म्हणून लागली. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मालक, माझ्या पोटाचं काय?"

"गिऱ्हाईक खूश झालं की पानावर एक घास ठेवून उठतं," अस्वल म्हणालं. "तो तुझा. आपल्याकडे रीतच आहे तशी."

खार हसतमुखाने धावायची. मोठा घास ठेवणाऱ्या हरणाला ती आमटी जास्त वाढायची. म्हातारं साळिंदर मात्र पान चाटूनपुसून उठायचं. त्याला ती सगळ्यांत शेवटी वाढायची आणि वळून पुटपुटायची, "मेला कद्रू!"

मग दुष्काळ पडला. अस्वलाने वाढप निम्मं केलं. आता सगळ्यांचीच पानं चाटूनपुसून साफ होऊ लागली. तरी खार हसत वाढत राहिली आणि एका दुपारी भाताच्या पातेल्यासकट कोसळली, ती उठलीच नाही.

"तू एक घास ठेवला असतास तर?" हरीण साळिंदरावर ओरडलं.

"माझंच पोट भरत नव्हतं रे," साळिंदर रडत म्हणालं. "आणि तू तरी कुठे ठेवत होतास?"

"पूर्वीसारखी दिलदार गिऱ्हाइकं राहिली नाहीत," भरल्या कोठाराच्या दाराला टेकून अस्वलाने सुस्कारा सोडला. सगळ्यांनी शरमेने माना खाली घातल्या.

मग अस्वलाने सांडलेला भात पातेल्यात भरला आणि दुसऱ्या खारीला हाक मारली. ती आत आली आणि आधी पंगतीकडे बघून हसली.