झरोक्यातलं धुकं

त्या प्रदेशात फारसं कुणी स्वतः कुठे जात नसे, निरोप जात. प्रत्येक ढोलीला एक झरोका होता. झरोक्यातून पारवा सोडायचा, तो ज्या दरवाजाशी पोचे तो दरवाजा उघडला की पलीकडचं सगळं झरोक्यात दिसू लागे: बाजार, गोतावळा, गाण्याच्या फांद्या. निघताना पारव्याच्या कपाळावर सोडणाऱ्या घरात चालू असलेली तारीख उमटे. नियम एवढाच, आणि त्याकडे कुणी लक्ष देत नसे.

पिंगी नावाची खार मार्गशीर्षात लग्न होऊन एका ढोलीत आली. झोपायला तिला झरोक्याखालची वाऱ्याची जागा मिळाली, तात्पुरती म्हणून. पुढे माघात पैलतीरावरच्या बीजशाळेचं बोलावणं आलं. तिच्यासाठी जागा राखली होती. शिरीषाचा बहर संपायच्या आत 'येते' म्हणून कळवायचं, नाहीतर जागा दुसरीला जाणार. पिंगीने लगेच पारवा सोडला. तो निरोपासकट परत आला आणि झरोक्यात नुसतं धुकं दाटलं. पुन्हा सोडला, पुन्हा धुकं. माहेरचा दरवाजा मागवला, तिथेही तेच.

तिने घरात सांगितलं. सासूबाईंनी उठून बाजार मागवला. तो तत्काळ उघडला, दाण्यांचे ढीग हाताशी आल्यासारखे दिसले. चांगला चालतोय की, असं म्हणून त्या वळल्या, आणि जाता जाता, तू येईपर्यंत झरोक्याची कधी तक्रार नव्हती, हेही सांगून गेल्या. नवरा तांबूल मनाने चांगला. त्याने गाण्याच्या फांद्या मागवून पाहिल्या. त्या उघडल्या, आणि उघडल्याच आहेत तर म्हणून तो अंधार पडेपर्यंत तिथेच बसला.

दिवस असेच गेले. शिरीष फुलला तेव्हा कुठे सुतारपक्ष्याला बोलावणं गेलं. त्याने खोडावर टकटक केलं, कान लावला आणि झरोका बंद करून सगळ्यांना झोपायला सांगितलं. उठलात की पुन्हा उघडा. सगळं घर भरदुपारी झोपलं. उठल्यावर बाजार पूर्वीपेक्षा लवकर उघडला. बीजशाळा उघडली नाही. मग झरोक्याची जळमटं काढून झाली. मग पारवा बदलून झाला. नवा पारवा बाजारातच फिरून आला. अखेर, दोष पलीकडचा, तुमच्याकडे सगळं ठीक आहे, असं सांगून सुतारपक्षी खाऊनपिऊन गेला. घराला हायसं वाटलं.

बाहेर शिरीषाची फुलं झडू लागली होती. नव्या सुनेने आदळआपट करायची नसते, म्हणून पिंगी रानबदाम फोडत बसली. जरा जास्तच जोरात.

जुना पारवा टरफलांत चोच घालत जवळ आला. तिने त्याच्यापुढे गर सरकवला आणि इतक्या दिवसांत कुणी न विचारलेलं विचारलं, "दारवान म्हणतो तरी काय?"

"माझं कपाळ बघतो," पारवा म्हणाला. "म्हणतो, आम्ही बोलावलं माघात आणि उत्तर येतंय मार्गशीर्षातून. बोलावण्याआधीचं उत्तर मी कसं घेऊ? तुझ्या माहेरचाही तेच म्हणतो, आमची मुलगी अजून इथेच आहे, ही कोण? बाजारवाल्यांचं काय, ते कपाळ बघत नाहीत, पिशवी बघतात."

पिंगीने भिंतीकडे पाहिलं. काट्याला वाळक्या पिंपळपानांची चळत लटकत होती. रोज वरचं पान फाडायचं, आणि तो मान मामंजींचा. त्यांची शिस्त कडक होती: ज्या दिवसाचं काम राहिलं, तो दिवस फाडायचा नाही. वरचं पान तिच्या लग्नाच्या आदल्या दिवसाचं होतं.

"मामंजी, या दिवसाचं काय राहिलंय?"

आडव्या पडलेल्या मामंजींनी डोळे किलकिले केले. "तुझ्यासाठी कोपरा रिकामा करायचा होता, सूनबाई. राहूनच गेलं बघ ते." आणि त्यांनी कूस बदलली.

कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांची टरफलं होती. पिंगीने ती ओढून ओढून बाहेर टाकली. धूळ नाकात गेली तसे मामंजी शिंकत उठले, रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि पान फाडलं. एका दिवसाला एकच, म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.

खालच्या पानावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं: तिच्या लग्नाचा दिवस. घराच्या लेखी ती अजून उंबऱ्याबाहेरच होती.

पिंगी त्या पानासमोर उभी राहिली. शिरीषावर उरलीसुरली फुलं होती, तीही वाऱ्याने हलत होती. मग ती ढोलीबाहेर गेली. रानबदामाच्या एका टरफलात तिने काठोकाठ दाणे भरले आणि ते उंबऱ्यावर ठेवलं.

"कोण आलंय?" आतून सासूबाईंनी विचारलं.

पिंगीने उजवा पाय पुढे केला. माप लवंडलं, दाणे घरभर सांडले. ती त्यांवरून चालत थेट भिंतीशी गेली आणि दोन्ही पंजांत आजपर्यंतच्या पानांची सगळी चळत धरली. पारवा कधीचाच झरोक्यात येऊन बसला होता, कपाळ पुढे करून.