चातुर्मासातली टॉपर-खरेदी

सासूबाईंची पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी गादीवर घालायला जेल मेमरी फोमचा टॉपर आणायला सांगितलं. घरखर्चातून मागे टाकलेल्या पैशांत बसेल असा बघायला अनसूयाबाई भरदुपारी निरगुडे शेठच्या दुकानात गेल्या.

दर्शनी भागात कोणी दिसेना म्हणून त्यांनी हाक मारली, तेव्हा शेठ मागून चालत आला आणि त्याने सगळ्यात महागड्या टॉपरवर थाप मारली. "आडव्या होऊन बघा ताई, लोण्यावर झोपल्यासारखं वाटेल."

"माझा चातुर्मासाचा नेम आहे हो. गादीला पाठ लावत नाही मी."

शेठ फिस्सकन हसला. "मग सतरंजीवर झोपणाऱ्यांना यातलं काय कळणार? माझ्या शब्दावर हाच न्या."

"आणि तो कोपऱ्यातला पातळ? तो परवडेल मला."

"तो? त्यावर घटकाभर झोपा आणि उद्या हाडवैद्य गाठा!"

एवढं बोलून किमतीची चिठ्ठी वाचायला शेठने खिसे चाचपले, तर चष्मा सापडेना. अनसूयाबाई तोवर पातळ टॉपर हाताने दाबून बघायला कोपऱ्यात पोचल्या होत्या. त्याच्यावर उशी होती, चुरगळलेली चादर होती, आणि उशीला टेकून शेठचा चष्मा.

त्यांनी तो पदराने पुसून शेठच्या हातात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "देवाला किती काळजी बघा! नेमामुळे मला झोपून बघता येईना, तर त्याने माझ्या वतीने तुम्हालाच झोपवलं. आणि मी हाक मारली तेव्हा कसे ताठ चालत आलात! हाडवैद्याकडे सवडीने जा, आधी हाच बांधून द्या."